टायमरवाला ठिबक संच: सामान चांगलं, वेळापत्रक चुकीचं

घरच्या बागेसाठीच्या ठिबक संचात साधारणपणे 16 मिमीची मुख्य नळी, 4 मिमीच्या बारीक नळ्या, तासाला 2 आणि 4 लिटर पाणी देणारे ड्रिपर, जाळीची गाळणी आणि बॅटरीवरचा टायमर एवढं येतं. जोडणी सोपी आहे. नळी कडक वाटली तर टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा, जोड सहज बसतो.

घेण्याआधी पाहायचा तो टायमरचा व्हॉल्व्ह. सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारी झडप, नीट चालायला पाण्याचा दाब लागतो. टाकी 2 मीटर उंचीवर असेल तर दाब जेमतेम 0.2 बार मिळतो. तेवढ्यावर तो बहुधा उघडतच नाही आणि बोल बॅटरीला लागतो. टाकीच्या पाण्यावर मोटारीने फिरणारा बॉल व्हॉल्व्हच घ्यावा.

सोबतच्या पत्रकातलं ‘रोज 10 मिनिटं’ मात्र विसरा. 2 लिटरच्या ड्रिपरमधून एवढ्या वेळात जेमतेम 330 मिली पाणी पडतं. वरचा थर ओला राहतो, मुळं तिथेच घुटमळतात आणि उष्णतेची लाट आली की आधी तीच भाजतात. रुजलेल्या झुडपाला 4 लिटरचे दोन ड्रिपर दीड तास चालवले की 12 लिटर पाणी खोल जातं. पुढची पाळी दिवस मोजून नव्हे, खुरप्याने 10 सेंमी उकरून, वापसा (माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती) पाहून द्यावी. रेताड मातीत पाणी कमी आणि वरचेवर लागतं. कुंड्यांना हा हिशोब लागू नाही. त्यांची लाइन वेगळी ठेवा.

साध्या टायमरला पाऊस कळत नाही. 10 मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला 10 लिटर पाणी. त्यावर ठिबकही चालू राहिलं तर चिकण मातीत मुळं कुजतात. अवेळी पाऊस वाढलेला असताना पर्जन्य-सेन्सर जोडता येणारा टायमर घेणं शहाणपणाचं.

बारीक नळ्या पारदर्शक असतील तर आत शेवाळ धरतं; काळ्याच मागा. गाळणी 120 मेशची (इंचाला 120 छिद्रांच्या जाळीची) हवी. महिन्यातून एकदा शेवटची टोपी काढून नळी धुवावी, क्षार चढलेले ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवावेत.

नळीवर 5 ते 7 सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, खोडाभोवती थोडी जागा मोकळी सोडून. झाड पसरेल तसे ड्रिपर बाहेर सरकवत न्यावे लागतात. संचातली बारीक नळी त्याला पुरत नाही, ती थोडी जास्तीची घेऊन ठेवा.