ऑइल ब्रेकच्या नावाखाली: एका मॉडेल ए फोर्डची फसवणूक

गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए. रॉडचे ब्रेक (पेडलचा जोर लोखंडी दांड्यांनी चाकांपर्यंत नेणारे) काढून ऑइल ब्रेक (तोच जोर ऑइलच्या दाबाने नेणारे) बसवायचं काम कोल्हापुरातल्या एका गॅरेजने घेतलं. १ लाख ४० हजार रुपये घेतले आणि कागदावर एकच ओळ लिहून दिली: ‘ऑइल ब्रेक कंप्लीट नवीन किट, मजुरीसह’. गाडी परत आली तेव्हा दारात उभ्या उभ्या पेडल दगडासारखं लागत होतं. ‘बघा मालक, एक नंबर!’ म्हणून मिस्त्रीने दाबूनही दाखवलं. पंधरा दिवसांनी पन्हाळ्याहून उतरताना वाघबीळच्या अलीकडे तेच पेडल फळीला टेकलं. गाडी सेकंड गिअरमध्ये होती म्हणून वेग कमी होता. कडेच्या मातीच्या चढावर घालून थांबवावी लागली. कुणाला लागलं नाही.

नंतर चारही चाकं उतरवून एकेक भाग सोडवला. आत काय निघालं ते लिहितोय, कारण वरून काळा रंग मारलेलं काम बघून यातलं काहीच कळत नाही.

सुरुवात पुढच्या उजव्या चाकापासून केली. एअर काढायचा निपल ढिला केला, पेडल दहा वेळा मारलं, पण थेंब नाही. डाव्यालाही तेच. पुढच्या दोन्ही चाकांना ऑइल वाटणारा टी-जॉइंट उघडला तर त्याच्या तोंडात सायकलच्या बेअरिंगचा एक छर्रा ठोकून बसवलेला. म्हणजे पुढच्या चाकांना ब्रेक नव्हताच.

असं का केलं, तेही लगेच सापडलं. पुढच्या डाव्या चाकाचा सिलिंडर आठ सूत बोअरचा, उजव्याचा सात सूत (बोअर म्हणजे आतला व्यास, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दाब तोच असला तरी जोर पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतो. आठ सुताचं क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंमी, सात सुताचं ३.८८. डावं चाक ३० टक्के जास्त जोराने धरणार आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढणार. सिलिंडर बदलायचा सोडून पुढची लाइनच बंद केली. आता पेडल दगडासारखं का लागत होतं बघा: चार चाकांऐवजी दोनच चाकांचे सिलिंडर भरायचे, ऑइल कमी सरकणार, पेडल वरच घट्ट होणार. उभ्या गाडीत घट्ट पेडल म्हणजे चांगला ब्रेक, ही समजूत मोडीत काढायला हा एक छर्रा पुरे आहे.

घाटात पेडल गेलं त्याचं कारण पाइप. बिलात ‘ब्रेक पाइप’, प्रत्यक्षात फ्रिज-एसीच्या कामाची तांब्याची नळी. शुद्ध तांबं हादऱ्यांनी कडक होतं आणि नेमकं फ्लेअरच्या, म्हणजे जॉइंटसाठी पसरवलेल्या तोंडाच्या, मुळाशी चिरतं. मागच्या ॲक्सलवर तसंच झालं होतं. तिथे फ्लेअरही एकेरी, आणि गळू नये म्हणून नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप. फ्लेअरचा जॉइंट आट्यांवर बंद होत नाही, तो कोनावर बसतो. टेपचा उपयोग शून्य, उलट तिचे तुकडे आत जाऊन बारीक भोकं बुजतात. या कामाला दीड सुताची स्टीलची ब्रेक ट्यूब किंवा तांबं-निकेल मिश्रधातूची नळी लागते, दुहेरी फ्लेअर लागतो, आणि दर फूटभरावर चॅसीला क्लिप लागते.

त्यातून सर्किट, म्हणजे ऑइलची वाट, एकच. रॉडच्या ब्रेकला एक रॉड तुटला तर बाकीची चाकं धरतात. एका सर्किटच्या ऑइल ब्रेकला कुठेही एक चीर पडली की चारही चाकं गेली. म्हणून आज हे काम करायचंच असेल तर पुढचं-मागचं वेगळं ठेवणारा टँडम मास्टर सिलिंडरच (मास्टर म्हणजे पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) घ्यावा.

मास्टर सिलिंडर होता भंगारातल्या जीपचा, आठ सुती, आत गंजाचे खड्डे. नवीन फक्त रबरी वॉशर. खड्ड्यांवरून वॉशरची कड धरत नाही आणि ऑइल मागच्या मागे निसटतं. याची तपासणी सोपी आहे. पेडल जोरात दाबून एक मिनिट तसंच धरा. बाहेर कुठे गळती नाही आणि तरी पेडल हळूहळू खाली जातंय, तर दोष मास्टरमध्ये.

मोजमापाचा तर पत्ताच नव्हता. पेडलच्या खुंटीपासून ५ सेंमीवर पुशरॉड (मास्टरचा पिस्टन ढकलणारा दांडा), २० सेंमीवर पाय: चारास एक. पायाचा जोर ३० किलो धरला तर पिस्टनवर १२० किलो, आठ सुती बोअरमध्ये दर चौरस सेंमीला जेमतेम २४ किलो दाब. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसलेल्या गाडीला साधारण सहास एक लागतं. तेवढं करून सात सुती मास्टर घेतला तर त्याच पायाने ४६ किलोपर्यंत दाब मिळतो. पेडलचा प्रवास वाढतो, तो शू (ड्रमला आतून दाबून धरणारे तुकडे) नीट सेट करून भरून काढायचा. पुशरॉडला अर्धं सूत मोकळीक हवी. इथे शून्य होती. मोकळीक नसेल तर परतीचं बारीक भोक वॉशरखाली झाकलं जातं, तापलेलं ऑइल टाकीत परत येत नाही आणि ब्रेक धरून राहतात.

ब्रेक प्लेट आणि ड्रमही जीपचेच. जीपचा माल या गाडीला का सुचतो, तर दोन्हींच्या चाकांचे पाच बोल्ट साडेपाच इंची वर्तुळावर बसतात. पण मूळ ड्रम ११ इंची, बसवले ९ इंची, म्हणजे पैसे देऊन ब्रेक लहान करून घेतला. शू उलटे होते ते वेगळंच. या जीपच्या ब्रेकात लांब लायनरचा (लायनर म्हणजे शूवरची घासणारी पट्टी) शू पुढच्या बाजूला येतो. बेंडिक्सच्या सेल्फ-एनर्जायझिंग ब्रेकात आखूड लायनरचा. मिस्त्रीने बेंडिक्सची सवय इथे लावली.

हँडब्रेक गायब. मॉडेल ए-चा हँडब्रेक मागच्या ड्रममध्येच स्वतंत्र पट्ट्यावर असतो, प्लेट बदलली की तो जातो. जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे असतो, आणि या गाडीला ट्रान्सफर केस नाही. प्रॉपेलर शाफ्टही बंद टॉर्क ट्यूबमध्ये, मग ड्रम लावणार कुठे? ‘गिअरमध्ये टाकून लावत जावा,’ असं उत्तर मिळालं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ९६ वा नियम पायाच्या ब्रेकखेरीज पार्किंग ब्रेक मागतो.

मास्टरचा ब्रॅकेट अँगलचा तुकडा कापून थेट चॅसीला वेल्डिंग केलेला. तो मूळ भोकांतून बोल्टने बसायला हवा होता. वेल्डिंगच्या कडेला चॅसी पुढे चिरते हा एक भाग. दुसरा कागदोपत्री: २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी मिळते, त्यात चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा अशी अट आहे. चॅसी कापून-जोडून ठेवलेली गाडी तपासणीला नेताना हे आठवावं.

पण सगळ्यात मोठा घाव वेगळाच होता. काढलेले रॉड, क्रॉसशाफ्ट, मूळ ११ इंची ड्रम, मागचे हँडब्रेकचे पट्टे, यातलं काहीही परत आलं नाही. ‘भंगारात गेलं,’ म्हणे. मॉडेल ए-चा हा माल कुणी भंगारात घालत नाही. तो दुसऱ्या जुन्या गाडीवाल्याला किलोवर नव्हे, नगावर विकला जातो. म्हणजे ग्राहकाने भंगाराचे पैसे मोजले आणि वर दुर्मीळ माल फुकट दिला. गाडी पुन्हा मूळ अवस्थेत आणायची तर आता तेच भाग बाहेरून मागवावे लागतील.

आणि एवढा उपद्व्याप बहुतेक वेळा लागतही नाही. क्रायस्लरने १९२४ मध्ये चारही चाकांना ऑइल ब्रेक दिले तरी फोर्डने ते १९३९ च्या मॉडेलपर्यंत घेतले नाहीत. मधली सगळी वर्षं फोर्ड रॉडवरच थांबत होत्या. मॉडेल ए थांबत नाही तेव्हा दोष सहसा क्लेव्हिस पिनांत (रॉडचे जोड धरणाऱ्या पिनांत) आणि बुशांत असतो. प्रत्येक जोडात थोडा थोडा खेळ, तो बेरजेने पेडलचा निम्मा प्रवास खातो. उद्यमनगरात चांगला लेथवाला या पिना-बुश एका दुपारी करून देतो. ड्रम गोल टर्निंग करून, लायनर ड्रमच्या गोलाईला घासून चारही चाकं सारखी सेट केली तर ही गाडी तिच्या वेगाला पुरेशी थांबते. दसऱ्याच्या मिरवणुकीला काढायची गाडी असेल तर आमचं मत रॉडच ठेवा असं आहे.

तरीही बदलायचंच असेल तर काम देण्याआधी प्रत्येक भागाचं नाव, बोअर, नवा की जुना, हे बिलात लिहून घ्या. ‘किट’ हा शब्द खपवून घेऊ नका. काढायच्या भागांवर पंचने खूण करा, फोटो काढा, आणि ते परत मिळाल्यावरच शेवटचा हप्ता द्या. रंग मारायच्या आधी एकदा जाऊन बघा. ऑइलचा एक थेंब पाण्यात टाका: डॉट ३ किंवा डॉट ४ असेल तर मिसळतो, वर तरंगला तर खनिज तेल असण्याचा संभव, आणि त्याने वॉशर फुगतात. एअर मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून काढतात. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागचं डावं पहिलं.

ताब्यात घेताना चारही चाकं जॅकवर उचला. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने एकेक चाक हाताने फिरवायचं. पेडल सोडल्यावर प्रत्येक चाक मोकळं फिरलं पाहिजे, दाबल्यावर एकही हललं नाही पाहिजे. छर्रा इथे दोन मिनिटांत सापडला असता. मग मोकळ्या मातीच्या मैदानात ताशी २० किमीला जोरात ब्रेक मारून खाली उतरा आणि मातीवरच्या रेघा मोजा. चार हव्यात. या गाडीच्या दोनच उमटल्या असत्या.

बिल असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि आधी १९१५ या हेल्पलाइनवर विचारता येतं. छर्रा, चिरलेली नळी आणि दोन वेगळ्या बोअरचे सिलिंडर जपून ठेवलेत. दुरुस्ती करणारा दुसरा मिस्त्री ‘हे टाकून देऊ का?’ असं विचारेल, तेव्हा नको म्हणा.