बीड बायपासला बसायचं कुठं?

छत्रपती संभाजीनगरातच, वाळूजचं बजाजनगर सोडून आम्ही बीड बायपासजवळच्या सातारा परिसरात राहायला आलो. शाळा, दवाखाना, दूधवाला, सगळी चौकशी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडं झाली. बसायचं कुठं, हे मात्र काकूंना विचारता येत नाही. आणि मला ते नीट हवं होतं, कारण मी बियरच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आम्ही जी चव जपून बाहेर पाठवतो ती टेबलावर कोणत्या अवस्थेत पोचते, याची मला खरोखर काळजी वाटते. म्हणून नवरा आणि एक मैत्रीण यांना घेऊन देवळाई चौक, बायपास आणि अलीकडं शहानूरवाडीपर्यंतच्या परमिट रूम पाहत गेले. त्यातलं देवळाईच्या बाजूचं एक गार्डन आता आमचं ठरलंय. लिहिते ते मुख्यतः त्याच्याबद्दल.

आधी बियर. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी वेटर काउंटरवरूनच बाटली उघडून आणतो. इथं बंद बाटली टेबलावर येते, तुम्ही हात लावून गारवा बघता, तारीख बघता, मग झाकण उघडतं. तारीख जरूर बघा. बाटलीतली बियर साधारण सहा महिन्यांच्या आत प्यायची असते आणि जितकी ताजी तितकी चांगली. जुनी झालेली बियर बाधत नाही, पण तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि हॉप्सचा, म्हणजे बियरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा बोथट होतो. हे उन्हाळ्यात फार लवकर होतं. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, आणि बायपासवरच्या एका ठिकाणी मी क्रेट पत्र्याच्या शेडबाहेर सरळ उन्हात रचलेले पाहिले. तिथली पाइंट एका घोटानंतर ठेवून दिली. हिरव्या आणि पांढऱ्या काचेच्या बाटलीचं आणखी वाईट होतं. उजेडानं हॉप्समधले घटक बदलतात आणि झाकण उघडताच उग्र दर्प येतो. तपकिरी काच यापासून बरंच वाचवते.

गार्डनचे मालक माल मागच्या बंद खोलीत ठेवतात. नवा क्रेट आला की जुना पुढं ओढतात. हे मी विचारलं तेव्हा त्यांनी मला थेट आत नेऊन दाखवलं. ग्लासही स्वच्छ असतो, आणि ते ओळखायला लॅब लागत नाही. ओतल्यावर बुडबुडे काचेच्या आतल्या बाजूला चिकटून बसले आणि फेस लगेच मेला, तर ग्लासला तेलाचा किंवा साबणाचा अंश आहे. इथं फेस टिकतो, घोट घेत जाल तशी काचेवर त्याची रेघ राहते. न विचारता बर्फ टाकत नाहीत, हे तर मला सगळ्यात आवडलं.

एवढं बारकाईनं का बघते, तर इथल्या बियरमधलं पाणी जायकवाडी धरणाचं आहे. एक लिटर बियरसाठी कारखान्यात तीन-चार लिटर पाणी सहज लागतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी नेत होते, आणि उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानं मद्याच्या कारखान्यांचं पाणी आधी 50 आणि मग 60 टक्के कापलं. ते योग्यच होतं. आपल्या दुष्काळी मुलखातलं पाणी ज्या बाटलीत गेलंय ती कोणी निष्काळजीपणानं उन्हात नासवली की मला मनापासून राग येतो.

आता बायकांनी बसण्याचं. शहरात अजून बऱ्याच जागी बाई दिसली की वेटर आधी म्हणतो, ‘फॅमिली तिकडं.’ तिकडं म्हणजे प्लायवूडचे खण, पुढं पडदा, पंखा घरघरणारा, आणि वेटरला बोलवायला नवऱ्यानं पडद्याबाहेर डोकं काढायचं. मोकळ्या हवेत बसायला आलेल्या माणसाला ही शिक्षा कशाला? गार्डनमध्ये आम्ही पहिल्या दिवशी कडुनिंबाखालचं टेबल धरलं आणि कोणी उठवलं नाही. मैत्रीण आणि मी दोघीच गेलो तेव्हाही तेच टेबल मिळालं. ऑर्डर माझ्याकडं बघून घेतात, ‘ताई, माइल्ड की स्ट्राँग?’ इतकंच. शेजारच्या टेबलावरून कोणी उगाच बोलायला लागलं तर मालक स्वतः उठून जातात, हेही डोळ्यांनी पाहिलं. बायकांचं टॉयलेट वेगळं आहे, आत दिवा आहे, कडी नीट लागते, पाणी असतं. पुरुष वाचकांना यात लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. पण याच कारणानं आम्ही दोघी एका चांगल्या स्वयंपाकाच्या ठिकाणी परत गेलो नाही.

चकण्यात शेंगदाणे चाट घ्या. दाणे उकडलेले, भरपूर कांदा, कच्ची मिरची, वरून लिंबू. बियरसोबत याच्यापुढं काही नाही. मसाला पापड ठीक. चना रोस्टमध्ये मीठ फार पडतं, मी दोनदा सांगितलंय. जेवणात काळ्या मसाल्याचं मटण आणि ज्वारीची भाकरी. भाकरी तव्यावरून थेट पानात येते, सोबत ठेचा मागितला की देतात. शाकाहाऱ्यांनी शेवभाजी घ्यावी, पनीरच्या वाटेला जाऊ नये.

बिल दोन येतात, ते तसंच असतं: जेवणावर जीएसटी, दारू जीएसटीच्या बाहेर म्हणून तिच्यावर व्हॅट. हा व्हॅट परमिट रूममध्ये 2023 च्या अखेरीस 5 वरून 10 टक्के झाला. वाईन शॉपच्या छापील किमतीच्या दीडपटीपर्यंत इथले दर जातात, काही ठिकाणी दुप्पट बघितले. त्या मानानं वाजवी.

उणं काय, तर शनिवारी मॅच असली की मोठा टीव्ही लागतो आणि बोलणं अशक्य होतं. शांत बसायचं असेल तर आठवड्याच्या मधला वार निवडा, आठच्या आत जा, कडुनिंबाखालची टेबलं लवकर भरतात. ड्राफ्ट बियर इथं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. नळाची लाइन दर पंधरवड्याला धुतली नाही तर ती बियर आंबूस लागते, त्यापेक्षा ताजी बाटली बरी.

नाचायला फ्लोअर, डीजे, झगमगाट हवा असेल त्यांनी आमच्या बाजूला न येता जालना रोडची मोठी हॉटेलं बघावीत. आमच्याकडची रात्र म्हणजे गार्डन, मग जेवण, मग हौस असेल तर उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटर. रमजान असेल तर बाटलीचा विचार सोडून सरळ शहागंजकडं निघावं. नान-खलिया खात मध्यरात्रीपर्यंत हिंडावं, ती गर्दी आपल्या शहराची खरी शान आहे.

जाताना गाडी घरीच ठेवा. देवळाई चौकातून रात्री रिक्षा मिळते, भाडं बसण्याआधी ठरवून घ्या. आणि माझं नाव न सांगता मालकांना चना रोस्टचं मीठ कमी करायला तुम्हीही सांगा, चार जणांनी सांगितलं तर ऐकतील.