कारखान्याच्या सर्व्हरवर पॅकेज टाकायचं की कंटेनर?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली फौंड्री. ऑफिसच्या कोपऱ्यात डेबियनचा (लिनक्सचा एक प्रकार) एक सर्व्हर, त्यावर बिलिंग, स्टॉक आणि हजेरी. नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की विक्रेता म्हणतो, "डॉकर टाका, पाच मिनिटांचं काम." डॉकर म्हणजे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर, आणि कंटेनर म्हणजे प्रोग्राम व त्याला लागणारं सगळं एकत्र भरलेला डबा. काम पाच मिनिटांचं असतंही. प्रश्न पुढच्या पाच वर्षांचा आहे.

डेब पॅकेजमध्ये, म्हणजे डेबियनच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये, प्रोग्राम असतो आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररींची (तयार कोडच्या संचांची) यादी. त्या लायब्ररी सिस्टिमवर एकदाच बसतात, सगळे वाटून वापरतात. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमधला हार्टब्लीड नावाचा सुरक्षेचा दोष सापडला, तेव्हा पॅकेजवाल्यांनी एक अपडेट घेतला, सर्व्हिस रीस्टार्ट केल्या आणि सर्टिफिकेट बदलायला मोकळे झाले. कंटेनरची प्रत्येक इमेज (ज्यावरून कंटेनर चालतो तो तयार साचा) मात्र आपापली लायब्ररी घेऊन येते. होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, अपडेट मारला तरी आतली जुनीच राहते; इमेज नव्याने बांधावी लागते. विक्रेत्याने ती बांधलीच नाही तर बिलिंग छान चालू राहतं आणि भोक तसंच राहतं.

पॅकेजचं दुखणं आवृत्तीचं. डेबियन १२ मध्ये पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची ३.११ आवृत्ती आहे, हजेरीच्या सॉफ्टवेअरला ३.८ च हवा असेल तर ओढाताण सुरू. इथे कंटेनर खरंच सुटका करतो. डॉकर २०१३ मध्ये आला, पण त्याचा पाया, म्हणजे नेमस्पेस (प्रोग्राम एकमेकांपासून वेगळे ठेवणं) आणि सीग्रुप (मेमरी, सीपीयूची वाटणी), लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, आधीपासून होता. कर्नल सगळ्यांचा एकच, म्हणून व्हर्च्युअल मशीनइतकी (स्वतःचा कर्नल असलेलं आभासी कॉम्प्युटर) भक्कम भिंत यात समजू नका.

दुसरा फायदा कोल्हापूरकरांना लगेच पटेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद होता. अशा वेळी इमेज आणि डेटाचा ताजा बॅकअप डिस्कवर असेल, तर डॉकर असलेल्या दुसऱ्या मशीनवर इंटरनेटशिवाय काम उभं राहतं. डेटा इमेजमध्ये नसतो, एवढं विसरू नका.

डॉकरच्या खोड्याही माहीत हव्यात. त्याने उघडलेला पोर्ट (नेटवर्कचा दरवाजा) यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना बगल देतो. डॉकर ग्रुपमध्ये घातलेला माणूस रूटच, म्हणजे सर्व्हरचा पूर्ण मालकच, झाला म्हणायचं. लॉगला (कामकाजाच्या नोंदींना) मर्यादा घातली नाही तर डिस्क भरते. पोस्टग्रेस हा डेटाबेस 'लेटेस्ट' टॅगने, म्हणजे आवृत्ती न ठरवता, चालवला आणि मोठी आवृत्ती बदलली, तर जुन्या डेटावर तो सुरूच होत नाही.

पगारी सिस्टिम अ‍ॅडमिन नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: डेटाबेस, एनजिनएक्स (वेब सर्व्हर), सांबा (फाइल शेअरिंग) पॅकेजमधूनच घ्या आणि अनअटेंडेड अपग्रेड्स, म्हणजे आपोआप होणारे अपडेट, चालू ठेवा. कंटेनरमध्ये फक्त विक्रेत्याचं आडमुठं सॉफ्टवेअर. सुरक्षेचा दोष निघाल्यावर नवी इमेज किती दिवसांत देणार, हे ऑर्डरवर लिहून घ्या. तो टाळाटाळ करायला लागला, तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका.