नवा स्वस्त लॅपटॉप घ्यावा की रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप?

हातात मोजकेच पैसे असले की दोन पर्याय समोर येतात. एक, कंपनीच्या यादीतला सगळ्यात स्वस्त नवा लॅपटॉप. दुसरा, ऑफिसात काही वर्षं वापरून झालेला आणि तपासून पुन्हा विकायला आलेला, म्हणजे रिफर्बिश्ड, बिझनेस लॅपटॉप: लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचा एलिटबुक. बहुतेकांनी दुसरा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत ब्रँड बघून बनलेलं नाही. क्वांटा, कॉम्पल, विस्ट्रॉन अशा तैवानी कंपन्या एकाच वेळी अनेक ब्रँडचे लॅपटॉप बनवतात. बघायचं ते एवढंच, की किंमत खाली आणताना कात्री कुठे लागली.

स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये ती अनेकदा नंतर सुधारता न येणाऱ्या जागी लागते. रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी, मदरबोर्डवर (मुख्य बोर्डावर) सोल्डर करून पक्की बसवलेली असते, त्यामुळे ४ जीबी घेतली की ती कायमची ४ जीबी. सर्वांत खालच्या मॉडेलांत फाइली साठवायला वेगवान एसएसडीऐवजी ईएमएमसी नावाची साधी चिप असते. ती एसएसडीपेक्षा बरीच हळू, आणि तीही बोर्डालाच चिकटलेली. बिघडली तर बोर्डच बदलायची वेळ येते. त्यात २०२५ च्या उत्तरार्धात मेमरी महागली, कारण सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांची क्षमता एआयच्या डेटा सेंटरांकडे वळली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणाऱ्या क्रूशियल ब्रँडचा धंदाच आवरत असल्याचं जाहीर केलं. रॅम महाग झाली की नव्या स्वस्त मॉडेलात आधी तीच कमी होते.

जुन्या बिझनेस लॅपटॉपमध्ये झिजलेलं असतं ते बदलता येतं: बॅटरी, कीबोर्ड, एसएसडी. बऱ्याच मॉडेलांत रॅमचा स्लॉटही असतो, पण थिंकपॅड एक्स१ कार्बनसारख्या सडपातळ मॉडेलांत तो नसतो, हे लक्षात असू द्या.

प्रोसेसर मात्र इंटेलच्या आठव्या पिढीपेक्षा जुना नको. एक तर याच पिढीत, २०१७ मध्ये, बहुतेक लॅपटॉपमधला आय५ हा इंटेलचा मधल्या दर्जाचा प्रोसेसर दोन कोअरवरून (काम करणाऱ्या गाभ्यांवरून) चारवर गेला. दुसरं म्हणजे विंडोज १० ची नेहमीची अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि आठवीच्या आधीच्या पिढ्या, अगदी थोडे अपवाद सोडले, तर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. नव्या स्वस्त लॅपटॉपमधला दोन कोअरचा इंटेल सेलेरॉन एन४५०० आठव्या पिढीच्या आय५ च्या जवळपासही येत नाही.

नव्याच्या बाजूनेही बोलायला हवं. इंटेलचा चार कोअरचा स्वस्त प्रोसेसर एन१०० खरंच चांगला आहे: रोजच्या कामाला पुरतो, वीज फार कमी खातो आणि एव्ही१ या नव्या फॉरमॅटमधला व्हिडिओ प्रोसेसरवर ताण न आणता हार्डवेअरवर चालवतो. इंटेलमध्ये ही सोय अकराव्या पिढीपासून आली, म्हणजे आठव्या पिढीच्या जुन्या लॅपटॉपात ती नाही. दिवसभर चार्जरपासून लांब राहायचं असेल, किंवा दुरुस्तीच्या भानगडीत पडायचंच नसेल, तर ८ जीबी रॅम आणि बदलता येणारी एसएसडी असलेला नवा एन१०० लॅपटॉप वॉरंटीसकट घ्या.

रिफर्बिश्ड घेताना पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा. बायॉसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड नाही ना? विंडोज नव्याने टाकताना जुन्या कंपनीचं लॉगिन मागत नाही ना? आणि विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली आहे? ६० टक्क्यांच्या खाली असेल, तर नव्या बॅटरीची किंमत त्या सौद्यातच धरा.