मायक्रोटोम हाताचा की मोटरचा?

नागपुरात मे महिन्यात पारा 45 कडे सरकला की आमच्या लॅबमध्ये पहिली झळ पॅराफिनच्या ब्लॉकला, म्हणजे ऊतीचा नमुना बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्याला, बसते. मेण वितळतं 56 ते 60 अंशांना, पण नरम त्याच्या कितीतरी आधी पडतं. मग मायक्रोटोमवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ऊतीचे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, 4 मायक्रॉनचा काप पात्याला चिकटतो, चुरगळतो.

अशा वेळी मला हातानं फिरवायचा मायक्रोटोमच बरा वाटतो. ब्लॉक बर्फावर गार करायचा, चाक सावकाश फिरवायचं. पातं जरा अडलं तरी बोटांना कळतं. नीट डीकॅल्सिफाय न झालेलं, म्हणजे कॅल्शियम काढून मऊ न केलेलं, हाड आलं की खर्र आवाज होतो आणि हात आपोआप थांबतो. मोटरला ही जाण नाही.

पण दिवसाला शंभरेक ब्लॉक असले की संध्याकाळी खांदा ठणकतो, डबा उघडतानाही मनगट कळवळतं. हे दुखणं अंगावर काढू नका! तिथे मोटर खरा आधार देते: वेग एकसारखा, ट्रिमिंग (ब्लॉकवरचं जादा मेण छाटणं) झटपट. किंमत मात्र जास्त, आणि बिघडली की इंजिनिअर येईपर्यंत काम अडतं.

माझ्या मते रोजच्या ब्लॉकांना मोटर, हाडासारख्या चिवट ऊतींना हात. एकच यंत्र घेणार असाल तर दोन्ही प्रकारे चालणारं घ्या.