वीजरोधकावर ‘७५ टक्के अनुदान’: ३८,४०० रुपये बुडाले

शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरावर, आभाळातली वीज जमिनीत उतरवणारा वीजरोधक बसवा, ७५ टक्के अनुदान खात्यावर येतं, असं सांगत एक टोळी गावोगाव फिरतेय. वळीव जवळ आला की यांचा धंदा सुरू. आमचे ३८,४०० गेले, वर ‘फाइल’चे २,५००. परत यायचे होते २८,८००. छदाम आला नाही.

अडाणी म्हणून फसले, असं कुणी म्हणू नये. वीज पडून माणूस दगावला तर सरकार ४ लाख देतं, दुभत्या म्हशीचे ३७,५००, बैलाचे ३२,०००. मेल्यावर देणारं सरकार मरू नये म्हणूनही काही देत असेल, हे खोटं का वाटावं? शिवाय शासन निर्णयाची पीडीएफ होती, राजमुद्रेसकट.

आणि तिथंच सगळं उघडं पडलं होतं! शासन निर्णयावर १८ अंकी संकेतांक असतो. पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. वर तारीख २०२५ ची आणि संकेतांक सुरू २०१९ नं. डोळ्यांपुढं होतं. शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकला असता तर तिथंच कळलं असतं, पण राजमुद्रा दिसल्यावर खालचे आकडे कोण वाचतं?

‘आधी बसवा, मग अर्ज करू’ म्हणणाऱ्याला दारातूनच हाकला. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या अर्जाच्या पोर्टलवर, अवजारालासुद्धा पूर्वसंमती आधी, खरेदी नंतर. अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे.

मालही बोगस. तांब्याची म्हणून दिलेली पट्टी चुंबकाला चिकटली, लोखंडावर मुलामा. खाली उतरणारी पट्टी एकच, लागतात किमान दोन. अर्थिंग दीड फुटावर, तेही काळ्या मातीत. उन्हाळ्यात ही माती भेगाळते, सळई मोकळी पडते आणि वीज जमिनीत जायचं सोडून भिंतीतून, वायरिंगमधून वाट काढते. अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत हवा. मोजून मागा, यांचा मीटर ‘गाडीत राहिला’ होता.

कृषीवाले म्हणतात महसुलात जा. महसूलवाले म्हणतात अशी योजनाच नाही, मग तक्रार कसली? ठाण्यात तर कहर: ‘पैसे राजीखुशीनं दिले, दिवाणी दावा लावा.’ सरकारच्या नावानं खोटा निर्णय छापला, राजमुद्रा वापरली, हे दिवाणी? न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) साहेबांना आम्ही शिकवायचं? गुन्हा नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टानं पाठवा, पोच जपा. फोनवरून पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत.

पंचनामा होईस्तोवर ती पट्टी काढू नका. तिच्या भरवशावर मात्र राहू नका; मोबाइलात वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप घ्या.