उडी मारणाऱ्या माशांसाठी जाळीचं झाकण : ३ फुटी टाकीचा किट

हॅचेटफिशची छाती खोल आणि पुढच्या परांचे स्नायू दणकट असतात. घाबरला की तो पाण्याबाहेर सूर मारतो. किलीफिश फिल्टरच्या नळीशेजारच्या बोटभर फटीतूनही निसटतो. मरळ तर खालून उसळी घेऊन झाकणच उचलते.

या किटमध्ये अॅल्युमिनियमच्या चार पट्ट्या, कोपरे, ६ मिमीची पारदर्शक जाळी आणि खाचेत बसणारी रबरी दोरी मिळते. पट्ट्या टाकीच्या आतल्या मापापेक्षा २-३ मिमी कमी कापा. जाळी आधी समोरासमोरच्या बाजूंना बसवा आणि हलकीच ताणा. फार खेचली की पट्ट्या मधोमध आत वाकतात आणि कडेला नेमकी नको तीच फट पडते. काचेच्या झाकणापेक्षा हवा छान खेळते, उजेडही अडत नाही. मात्र पाणी लवकर आटतं, त्यामुळे पातळीवर लक्ष हवं.

फिल्टरच्या नळ्यांसाठी कोपऱ्यात खाच दिलेली नाही, ही मोठी उणीव. तिथली जाळी कापून कडेला स्पंज लावावाच लागतो. किलीफिश, हॅचेटफिशसाठी जरूर घ्या. मरळ किंवा अरोवानासाठी नको, झाकण फारच हलकं आहे आणि ते टाकीला पकडून ठेवणारे चिमटेही दिलेले नाहीत.